तिसरं पेडल

इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, सीटची कापडंसुद्धा अजून धड, आणि तरी गाडी भंगारात निघते. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे वारंवार घडतं आणि अशा वेळी दोष पुष्कळदा एकाच ठिकाणी निघतो: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सनं मान टाकलेली असते. दांडा ‘डी’वर ओढला की इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी जागची हलत नाही, किंवा हलते, पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मध्येच दम सोडते. गॅरेजवाला गिअरबॉक्स उघडून नव्यानं बांधायचा खर्च सांगतो आणि तो आकडा गाडीच्या बाजारभावाच्या वर गेलेला असतो. नाकापेक्षा मोती जड. मालकापुढे मग तीन वाटा उरतात: तो खर्च करायचा, कुठल्या तरी भंगारातल्या गाडीतला तसाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून त्याच्या आयुष्याचा जुगार खेळायचा, किंवा गाडीचा निरोप घ्यायचा. चौथी वाट फार थोडे जण घेतात. त्याच मॉडेलसाठी त्याच कंपनीनं जो हातानं टाकायचा, क्लचवाला गिअरबॉक्स बनवला होता, तो या गाडीत बसवायचा. या चौथ्या वाटेकडे लोक हौशी पोरांचा खेळ म्हणून बघतात. मला ते मान्य नाही. योग्य गाडीत, योग्य वेळी केलेला हा बदल म्हणजे सरळसरळ दुरुस्ती आहे, आणि तो करावा की नाही हे ठरवताना दुरुस्तीचेच निकष लावले पाहिजेत.

हे पटवायला एखादी ठोस गाडी समोर असलेली बरी. व्होल्वो म्हटलं की आपल्याला पुणे-मुंबईची बस आठवते, पण स्वीडनच्या या कंपनीची जगभर ओळख झाली ती २४० या चौकोनी, पेटीसारख्या दिसणाऱ्या मोटारीमुळे. १९७४ ते १९९३ अशी जवळजवळ दोन दशकं ती बनत राहिली आणि तिच्या मालिकेतल्या सुमारे २८ लाख गाड्या रस्त्यावर आल्या. पुढे इंजिन, मध्ये गिअरबॉक्स, तिथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट अशी तिची जुन्या पद्धतीची सरळ रचना. आपल्या ॲम्बॅसॅडरच्या खाली वाकून बघितलेल्या माणसाला यात अनोळखी काही वाटणार नाही. तिचं ओतीव लोखंडी इंजिन लाल रंगात यायचं म्हणून त्या इंजिनाच्या घराण्याला ‘रेड ब्लॉक’ असंच नाव पडलं आणि नीट तेलपाणी केलं तर ते लाखांनी किलोमीटर चालतं. ही गाडी कारखान्यातून दोन्ही रूपांत निघत होती: एकीत जपानच्या आयसिन-वॉर्नरचा एडब्ल्यू-७० घराण्यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दुसरीत व्होल्वोचा स्वतःचा एम-४६ किंवा एम-४७ हा मॅन्युअल. बॉडीचा सांगाडा एकच, इंजिन एकच, मागचा ॲक्सल त्याच बनावटीचा. म्हणजे ऑटोमॅटिक २४० मध्ये क्लच बसवणारा माणूस नवीन काही शोधून काढत नसतो. त्याच्या गाडीची सख्खी बहीण कारखान्यातूनच क्लच घेऊन बाहेर पडली होती. तो एका बहिणीचा दागिना दुसरीला घालतो, एवढंच.

दोन गिअरबॉक्सचं हाडवैर असल्यासारखं बोलण्याची मोटारशौकिनांना सवय आहे. इतिहासात त्याला आधार नाही. जुन्या मॅन्युअल गाड्यांत गिअर बदलताना दातांची खडखड व्हायची, ती थांबवणारी सिंक्रोमेशची युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅकनं आणली. ती अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याची. याच थॉम्पसनच्या नेतृत्वाखाली पुढे जनरल मोटर्सनं हायड्रामॅटिक तयार केला. १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबाइलमधून विक्रीला आलेला हा मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. माणसाच्या हातापायाचे कष्ट कमी व्हावेत हाच ध्यास दोन्ही कामांमागे होता. अमेरिकेला ऑटोमॅटिक इतका मानवला की १९८० मध्ये तिथल्या नव्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश गाड्या मॅन्युअल होत्या, आणि आज ते प्रमाण शेकडा एक-दोनवर आलं आहे. तेव्हा ऑटोमॅटिक वाईट म्हणून काढावा, असं मी म्हणत नाही. प्रश्न तो जुना झाल्यावरचा आहे.

जुना झाल्यावर या दोन यंत्रांचं काय होतं, यावर माझा सगळा मुद्दा उभा आहे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलानं भरलेला गोल डबा असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवून एकाचं बटण दाबलं तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल भिरकावतो, त्या तेलाच्या माऱ्यानं गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. म्हणूनच सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहते आणि इंजिन बंद पडत नाही. पुढच्या पेटीत ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या चक्र्यांचे संच, त्यांना धरणारे-सोडणारे पट्टे आणि तेलात बुडालेल्या पातळ क्लच चकत्यांच्या थप्प्या असतात. कुठल्या थप्पीनं कधी आवळायचं हे ठरवतो व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात भुलभुलैयासारखे तेलाचे मार्ग, त्यांत छोट्या झडपा, स्प्रिंगा आणि गोळ्या. या सगळ्याचा प्राण म्हणजे तेलाचा दाब. एक रबरी सील कडक झालं, एखाद्या झडपेत बारीक कीस अडकला, तेल जळून काळं पडलं की दाब ढळतो. दाब ढळला की चकत्या घसरतात, घसरल्या की आणखी तापतात, आणखी जळतात. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं एकच लक्षण, आतली कारणं दहा. ती शोधायला अनुभवी माणूस, स्वच्छ टेबल आणि वेळ लागतो. असे कारागीर अमेरिकेतही कमी होत चालले आहेत, कारण त्यांच्याकडची जुनी गिऱ्हाइकं कमी होत चालली आहेत.

मॅन्युअलमध्ये झिजण्यासाठीच बनवलेला भाग एक: क्लच प्लेट. ब्रेकच्या लायनरसारखं तिचं अस्तर वर्षानुवर्षं घासतं, मग एके दिवशी चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावचा मेकॅनिक ते ऐकून सांगेल, क्लच प्लेट गेली. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदम बदलायची, गिअरबॉक्स खाली उतरवून परत चढवायचा, काम संपलं. पेटीच्या आत दातेरी चाकं, बेअरिंगा आणि पितळी सिंक्रो रिंगा. त्यांनाही मरण आहे, पण ते आधी आवाजानं वर्दी देतं आणि बहुधा महिनोन्‌महिने देत राहतं. गिअर बसताना कचकच करायला लागला तरी माणूस घरी पोचतो. बॅटरी उतरली तर चार जणांनी धक्का मारून गाडी चालू होते. सर्वसाधारण ऑटोमॅटिकमध्ये तीही सोय नाही. साध्या हत्यारांनी दुरुस्त होणारं यंत्र म्हणजे मागासलेलं यंत्र, ही समजूत सोडून दिली पाहिजे. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीला कारखान्याचा आधार उरलेला नसतो. तिचं पुढचं आयुष्य तिला उघडू शकणाऱ्या हातांच्या संख्येवर अवलंबून असतं.

आता काम प्रत्यक्षात काय असतं ते बघू, कारण ‘गिअरबॉक्स बदलला’ या दोन शब्दांत ते मावत नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाच्या टोकाला फ्लेक्सप्लेट नावाची पातळ चकती असते. ती निघते आणि तिच्या जागी जाडजूड, जड फ्लायव्हील येतं. क्रँकशाफ्टच्या टोकाच्या भोकात अंगठीएवढं पायलट बेअरिंग ठोकावं लागतं, जे ऑटोमॅटिक गाडीत नसतंच. ते विसरलं तर गिअरबॉक्सचा शाफ्ट पुढच्या टोकाला अधांतरी राहतो आणि सगळं परत उतरवावं लागतं. प्रॉपेलर शाफ्टची लांबी मोजूनच घ्यायची, कारण गिअरबॉक्स बदलला की त्याच्या शेपटीची जागा बदलू शकते. ऑटोमॅटिकचं तेल गार करायला रेडिएटरकडे गेलेल्या नळ्या काढून तोंडं बंद करायची. पायाशी पेडलांचा पूर्ण संच बदलायचा, क्लचची केबल फायरवॉलमधून ओढून जोडायची, तिचा ताण जुळवायचा. यातलं कुठलंच काम अचाट नाही. अचाट आहे ती यादीची लांबी, आणि म्हणून जाणती माणसं सुटे भाग गोळा करत बसत नाहीत. ती भंगारात आलेली एक अख्खी मॅन्युअल २४० गाठतात आणि शेवटच्या बोल्टापर्यंत सगळं तिच्यातूनच घेतात. अमेरिकेत असे भंगारवाडे असतात जिथे आपले पाने घेऊन जायचं, हवा तो भाग स्वतः खोलायचा आणि दरवाज्यावर पैसे भरायचे. आपल्याकडे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भाग खोलून, पुसून, रचून ठेवलेले मिळतात; अमेरिकेत खोलण्याची मेहनत आपली आणि शिकणंही आपलंच.

फ्लायव्हीलपाशी मात्र थांबायला हवं. साधारण १९८९ पासूनच्या अमेरिकी २४० मध्ये ठिणगी कधी पाडायची हे ठरवण्यासाठी एक सेन्सर फ्लायव्हीलच्या कडेवर टपून बसलेला असतो. त्या कडेवर ठरावीक अंतरानं भोकं पाडलेली असतात: साठ जागा, पण त्यांतल्या दोन मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या. ती रिकामी जागा सेन्सरसमोरून गेली की संगणकाला कळतं, दट्ट्या आता कुठे आहे. त्याआधीच्या गाड्यांत हा संकेत डिस्ट्रिब्यूटरमधून यायचा, म्हणून त्यांच्या फ्लायव्हीलला ही भोकं नसतात. दोन्ही फ्लायव्हीलं इंजिनावर सारखीच बसतात, आणि जुनं बसवलं तर इंजिन कितीही फिरवलं तरी ठिणगी पडत नाही. यापुढची मेख आणखी बारीक आहे. फ्लायव्हील आठ बोल्टांनी आवळलं जातं आणि ते आठही समान अंतरावर असतात, म्हणजे ते आठ प्रकारे बसू शकतं आणि त्यांतला बरोबर प्रकार एकच. एक भोक पुढे सरकलं की हिशेब ४५ अंशांनी चुकतो. बाहेरून सगळं चोख दिसतं, बोल्ट ठरलेल्या ताकदीनं आवळलेले असतात, गिअरबॉक्स चढलेला असतो, आणि गाडी चालू होत नाही. जो माणूस फ्लेक्सप्लेट काढण्याआधी पहिला दट्ट्या वर आणून रंगाच्या ब्रशनं एक खूण करून ठेवतो, त्याचे दोन दिवस वाचतात. दुरुस्ती या शब्दात माझ्या मते ही खूण येते. नुसती हौस असती तर तिची गरज पडली नसती.

दुसरी जागा आकड्यांची आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मॅन्युअल २४० चा पहिला गिअर ४.०३ चा, म्हणजे इंजिनाचे चार फेरे झाले की शाफ्टचा एक. ऑटोमॅटिकचा पहिला फक्त २.४५ चा. एवढा मोठा फरक चालतो, कारण उभ्या गाडीला ढकलताना टॉर्क कन्व्हर्टर स्वतःच इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करतो. मागच्या ॲक्सलची गुणोत्तरंही त्या हिशेबानं वेगळी दिली जात: अमेरिकेतल्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत ३.७३, मॅन्युअलमध्ये ३.३१ सारखी. आता ऑटोमॅटिकचा ॲक्सल तसाच ठेवून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला तर पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन पंधरा फेरे घेतं. गाडी सुटते झटक्यात, पण माणूस चालतो त्या वेगावरच दुसरा टाकावासा वाटतो. वरच्या गिअरमध्ये उलट दुखणं. ऑटोमॅटिकचा चौथा ०.६९ चा, म्हणून इंजिनाचे २.५७ फेरे, एम-४७ चा पाचवा ०.८२ चा, म्हणून ३.०६. हमरस्त्यावर त्याच वेगाला इंजिन सुमारे १९ टक्के जास्त फिरणार, आवाज वाढणार, पेट्रोल जास्त जाणार. ३.३१ चा ॲक्सल घातला की हा आकडा २.७१ वर येतो आणि गाडी पुन्हा शांत होते. भंगारातल्या गाडीचा ॲक्सलही उचला, असा सल्ला जुने जाणकार देतात तो यासाठी. अर्धवट बदल केलेल्या गाड्या चालवून ‘मॅन्युअल केल्यावर गाडी बिघडली’ असं म्हणणाऱ्यांची तक्रार खरी असते. दोष मात्र अर्ध्यावर सोडलेल्या कामाचा असतो.

तिसरी जागा सुरक्षेची आहे. तिथे चुकीला माफी नाही. ऑटोमॅटिक गाडी फक्त ‘पी’ किंवा ‘एन’वरच चालू व्हावी म्हणून गिअरच्या दांड्याजवळ एक स्विच असतो. तो स्विच निघाला की स्टार्टरचा मार्ग तुटतो, आणि घाईतला माणूस त्या दोन वायरी एकमेकींना जोडून मोकळा होतो. त्या क्षणापासून ती गाडी गिअरमध्ये असतानाही चावी फिरवली की उडी मारते. समोर भिंत असेल, नाहीतर पोर. क्लच पेडल पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही असा स्विच पेडलाशी बसवायला तासभर लागतो, तो लावलाच पाहिजे. रिव्हर्सच्या दिव्याचंही तसंच. तो संकेत आता गिअरबॉक्सवरच्या स्विचकडून घ्यावा लागतो. मागचा पांढरा दिवा लागत नाही आणि तरी गाडी मागे येते, अशी गाडी रस्त्यावर आणायचा हक्क कुणालाही नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप जाणकारांचाच आहे: एडब्ल्यू-७० हा अतिशय चिवट गिअरबॉक्स, तेल वेळेवर बदललं तर इंजिनाच्या बरोबरीनं टिकतो, आणि उलट एम-४७ त्या मानानं नाजूक. मग चांगला टाकून हलका का घ्यायचा? आक्षेप खरा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. धडधाकट ऑटोमॅटिक काढून टाकण्याला माझा पाठिंबा नाही. गिअर उशिरा पडतात एवढीच तक्रार असेल तर आधी तेल बघावं, चौथा गिअर पडत नसेल तर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच वरच्या गिअरचा, सोलेनॉइड आणि त्याची वायर बघावी. अनेकदा एवढ्यावर भागतं. दुरुस्ती मेलेल्या भागाची करतात, जिवंत भागाची नाही. माझी चौथी वाट तिथून सुरू होते जिथे पेटी आतून जळली आहे, आणि तेव्हाही ओव्हरड्राइव्हवाला एम-४६ मिळत असेल तर तो आधी बघावा.

दुसरा आक्षेप आधुनिकतेचा. आजचे आठ-आठ गिअरचे ऑटोमॅटिक माणसापेक्षा जलद गिअर बदलतात, पेट्रोलही वाचवतात. मग मागे का जायचं? पण हा आठ गिअरचा ऑटोमॅटिक १९८९ च्या गाडीत नसतो. तुलना करायची तर जुन्याची जुन्याशी केली पाहिजे. एडब्ल्यू-७० मध्ये टॉर्क कन्व्हर्टरचे दोन पंखे एकमेकांना घट्ट जोडणारी लॉकअपची सोय नाही, त्यामुळे सरळ रस्त्यावरही तेलातली घसरण चालूच राहते आणि इंजिनाच्या कामाचा काही हिस्सा उष्णता होऊन जातो. सव्वाशे अश्वशक्तीच्याही आतल्या इंजिनाला तो हिस्सा जाणवतो.

तिसरा आक्षेप भावाचा आणि अस्सलपणाचा. जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळ रूपात असते, असं संग्राहक म्हणतात. दुर्मीळ गाडीसाठी ते बरोबर आहे. फेरारीच्या जगात तर याची उलटी बाजू दिसते: धातूच्या खाचांमधून गिअर टाकायच्या मॅन्युअल गाड्यांना पॅडलवाल्या जुळ्या बहिणींपेक्षा खूप जास्त भाव येतो, म्हणून पॅडलच्या गाड्या मॅन्युअल करून घेतल्या जातात. हा भावासाठी केलेला पालट आहे, त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. आणि असा पालट विकत घेणाऱ्यापासून लपवला तर ती सरळ फसवणूक. पण २८ लाखांतली एक २४०, जिचा गिअरबॉक्स गेल्यामुळे उद्या पत्रा दाबायच्या यंत्रात जाणार आहे, तिच्या अस्सलपणाची काळजी करण्यात अर्थ नाही. ती आधी उरली पाहिजे.

चौथ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते नसणंच योग्य आहे. एका घरात एकच गाडी असेल आणि तिथल्या कुणाचा डावा गुडघा गेला असेल, अपघातानंतर पाय नीट उचलत नसेल, किंवा कुणाचा परवानाच ऑटोमॅटिकपुरता असेल, तर तिसरं पेडल बसवणं म्हणजे त्या माणसाच्या हातातून चावी काढून घेणं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला मॅन्युअल गाडी चालवता येत नाही. तिथे राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांत नवरा-बायकोपैकी एकाचा परवाना तसा असतो. अशा घरानं दुसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणावा, महाग पडला तरी. यंत्र कुणाच्या उपयोगाचं आहे हा दुरुस्तीचा पहिला निकष आहे.

गाडी जसजशी अलीकडची, तसतशी ही वाट अरुंद होत जाते. २४० मध्ये इंजिनाच्या संगणकाला गिअरबॉक्सची फारशी फिकीर नसते. त्यापुढच्या पिढीतल्या बीएमडब्ल्यू ३ मालिकेच्या ई-४६ गाडीत (नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून २००६ पर्यंतची) चित्र पालटतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक ई-४६ मधल्या ऑटोमॅटिकचा रिव्हर्स जातो, त्यामुळे तिथेही हा बदल पुष्कळ केला जातो. पण लोखंडाचं काम संपलं तरी गाडी आपल्या हरवलेल्या गिअरबॉक्सच्या संगणकाला हाका मारत राहते, दिवे पेटवते, कधी स्टार्टरही अडवते. तू आता मॅन्युअल आहेस, असं तिला सॉफ्टवेअरमधून सांगावं लागतं. म्हणजे प्रश्न पान्याचा राहत नाही, परवानगीचा होतो. स्वतंत्र गॅरेजलाही कंपनीच्या दुकानाइतकीच दुरुस्तीची माहिती मिळाली पाहिजे, असा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोठ्या बहुमतानं मंजूर केला, तो अशाच अडवणुकीवरचा उपाय होता. जुन्या गाडीत क्लच बसवणारे मूठभर लोक आणि हा कायदा यांचा संबंध मला फार जवळचा वाटतो. मालकाला आपल्या गाडीला एक साधी गोष्ट सांगता येत नसेल, तर ती गाडी पुरती त्याची झालेली नसते.

आपल्याकडे हा प्रश्न आजवर फारसा उठला नाही, कारण गाडी म्हणजे मॅन्युअलच असं गणित होतं. नव्वदच्या दशकातल्या मारुती झेनसारख्या गाडीची ऑटोमॅटिक आवृत्ती होती, पण ती तुरळक. २०१४ मध्ये सेलेरिओ आली आणि एएमटी घराघरांत पोचला. हा एएमटी मुळात नेहमीचा क्लच आणि नेहमीचा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यांत्रिक हात करतात. त्या गाड्या आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, यांत्रिक हात महागात दुरुस्त होतात, आणि त्याच मॉडेलचं क्लच पेडल बाजारात मिळतं. पुढची पाच-सात वर्षं मेकॅनिकांना हा प्रश्न विचारला जाणार. विचारणाऱ्यानं कायदाही बघावा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडक अर्थानं लावलं. आरसीमध्ये इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, रंग, आसनं यांची नोंद असते, गिअरबॉक्सच्या प्रकाराची सहसा नसते. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. आधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावं, उत्तर हातात आल्यावरच बोल्ट सोडावा. माझं मत विचाराल तर, ज्या मॉडेलची मॅन्युअल आवृत्ती मंजूर होऊन विकली गेली आहे, तिचेच मूळ भाग तिच्याच ऑटोमॅटिक बहिणीत बसवण्याला नियमांत स्पष्ट जागा असायला हवी. मोठी चाकं, कर्कश सायलेन्सर आणि हा बदल एका मापानं मोजणं अन्यायाचं आहे.

काम पुरं झाल्यावर एक गोष्ट करायची राहते आणि ती फुकट होते. सुट्या भागांच्या दुकानात चासी नंबर सांगितला की यादीत ही गाडी कायम ऑटोमॅटिकच दिसणार. दहा वर्षांनी कुणी दुसरा मालक क्लच प्लेट मागायला जाईल आणि काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे बघून म्हणेल, या गाडीला क्लचच नाही. म्हणून एका कागदावर लिहून ठेवावं: गिअरबॉक्स कुठल्या सालच्या कुठल्या गाडीतला, फ्लायव्हील कुठलं, क्लच प्लेटचा व्यास किती, ॲक्सल कितीचा, प्रॉपेलर शाफ्टची लांबी किती, कुठली वायर कुठं जोडली. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा, आणि एक प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात, गाडीच्या पुस्तकात ठेवावी.